उकळलं म्हणजे झालं का?

(प्रभागसंघाच्या जुलै महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. निंदणाच्या गडबडीत ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



निंदणाचे दिवस आहेत. आजची मजुरी बुडवून तुम्ही इथे बसल्या आहात, त्यामुळे मी लांबण लावणार नाही. एकच विषय घेते.

आपल्या प्रत्येक गटाकडे कर्जवाटपाचं रजिस्टर असतं. त्यात कर्ज कशासाठी घेतलं, याचा एक रकाना असतो. तुमच्या गटाच्या सचिव ताईंना म्हणा, मागच्या दोन वर्षांची पानं उलटून त्या रकान्यात ‘दवाखाना’ हा शब्द किती वेळा आला ते मोजा. शेळी, शिलाई मशीन, बियाणं यासाठी घेतलेलं कर्ज काहीतरी परत देतं. दवाखान्याचं कर्ज फक्त फेडावं लागतं. आणि यातले बरेच आजार डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन गोष्टींमुळे येतात. एक म्हणजे जंतू आणि दुसरं रसायन.

या दोन्हींवर आपल्याकडे एकच उपाय ठरलेला आहे. “उकळून घे.” पाणी गढूळ आलं, उकळून घे. भाजीवर फवारा मारला असेल, चांगली शिजवून घे. डब्याला वास येतो, गरम पाण्याने धुऊन घे. आज मला एवढंच सांगायचं आहे की उकळल्याने जंतू मरतो, विष मरत नाही. कारण जंतू जिवंत असतो. विष जिवंतच नाही, तर मरेल कसं?

हे एका गावात फार मोठी किंमत देऊन कळलं. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात, छपऱ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत १६ जुलै २०१३ ला दुपारचं जेवण खाऊन २३ लेकरं दगावली. जेवण ताजं होतं, चुलीवर शिजवलेलं होतं. पण ज्या तेलात भाजी केली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. तेल कडकडीत तापलं, भाजी शिजली, तरी विष तसंच राहिलं. तेलाचा रंग-वास वेगळा वाटतोय असं स्वयंपाकीण बाईंनी सांगितलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं. तिचं ऐकलं गेलं नाही. ती स्वतःही ते जेवण चाखून आजारी पडली.

आपल्यातल्या कितीतरी ताई शाळेत खिचडी शिजवतात, अंगणवाडीत आहार देतात. म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी जंतूंचं बघू. जंतूचा स्वभाव असा की तो वाढतो. ऊब, ओल आणि खायला मिळालं की काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशोब आपल्याला येतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असं सहा तास चाललं तर एका जंतूचे अडीच लाखांच्या वर होतात. सकाळी दहाला शिजलेली खिचडी झाकून ठेवली आणि संध्याकाळी चारला लेकराला दिली, तर मधल्या सहा तासांत पातेल्यात काय झालं असेल याचा विचार करा. “परत गरम करून दिली” असं आपण म्हणतो. जंतू मरतीलही, पण शिळ्या भातात वाढणारे काही जंतू मरायच्या आधी स्वतःचं विष सोडून जातात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणजे इथेही उकळणं पुरत नाही. ताजं खाणं, लवकर संपवणं, हाच उपाय.

पाण्यातल्या जंतूंवर मात्र उकळणं चांगलं काम करतं. खळखळ उकळी आली की एक मिनिट ठेवा, बस. अर्धा तास सरपण जाळायची गरज नाही. थंड झालं की त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि ओगराळ्याने घ्या. उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला भरला, तर सगळं सरपण वाया गेलं.

तुरटीबद्दल एक गैरसमज आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. तुरटी फिरवल्यावर वरचं पाणी काढून घ्यायचं आणि मग ते उकळायचं किंवा त्यात क्लोरीनचं औषध घालायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून हा क्रम. आणि औषध घातल्यावर अर्धा तास थांबायचं.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकतो. “पाण्याला वास येतो” म्हणून काही जणी ते पाणी ओतून देतात आणि नाल्याच्या झिऱ्याचं आणतात. ताई, तो हलका वास म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, राखण चालू आहे, याची खूण आहे. वास येत नसेल तर उलट जलसुरक्षकाला विचारा. टीसीएलची थैली उघडी पडली, ओल लागली तर तिचा जोर निघून जातो. ती पावडर झाकून, कोरड्या जागी ठेवली आहे का, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि तरीही जुलाब लागलेच तर? एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घोट घोट पाजत राहायचं. ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळाली तर अजून चांगलं. सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बंद करायची नाही. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, लेकरू सुस्त पडलं किंवा शौचातून रक्त पडलं तर घरी थांबायचं नाही.

आता दुसऱ्या अदृश्य गोष्टीकडे येऊ. सभा सुरू व्हायच्या आधी एका मावशींनी मला विचारलं, “आम्ही तर पाणी उकळूनच पितो, मग पोरीच्या दातावर पिवळे-तपकिरी डाग कशाचे?” प्रश्न अगदी बरोबर आहे. असे डाग फ्लोराइडने पडू शकतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आहे. ते खडकातूनच पाण्यात उतरतं. एक लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं पीत राहिलं, तर आधी दात, मग हाडं आणि सांधे धरतात. उकळून ते जात नाही.

नायट्रेटचंही तसंच. युरियाचा जास्तीचा हात, विहिरीला लागून असलेला उकिरडा, जवळचा संडासाचा खड्डा, यांतून नायट्रेट पाण्यात झिरपतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तान्ह्या बाळाला असं पाणी पावडरच्या दुधातून गेलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. हे पाणी उकळलं तर काय होतं? पाणी वाफ होऊन उडतं, नायट्रेट खालीच राहतं. म्हणजे उरलेलं पाणी आणखी जड होतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जे सांगतात ते यासाठीही. त्या एका गोष्टीने बाळाचं जंतूपासूनही रक्षण होतं आणि नायट्रेटपासूनही.

मग पाण्यात नेमकं काय आहे ते कळायचं कसं? तपासून. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना पाणी तपासायला शिकवायचं, अशी तरतूद आहे. जंतूंसाठी एक लहान बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर पाणी दूषित समजायचं. फ्लोराइड, नायट्रेटसाठी किटमध्ये थेंब टाकून रंग बघायचा. याला डिग्री लागत नाही. ज्या बाईला पापडाच्या पिठाचा रंग बघून मीठ-खार कळतो, तिला हा रंगही कळतो. बाटली काळी झाली तर उकळा, टीसीएल टाका. रसायन निघालं तर उकळण्यात वेळ घालवू नका. पिण्यासाठी दुसरा स्रोत मागा.

आता फवारणीचं सांगते. आपण त्याला “औषध” म्हणतो. डोक्याच्या गोळीला औषध आणि बोंडअळीच्या बाटलीलाही औषध. नाव एकच पडलं, त्यामुळे भीती गेली. पऱ्हाटीसाठी असेल ते औषध, आपल्यासाठी विषच आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा तोंडावर, छातीवर येत होता. दमट उकाडा, अंगाला घाम, आणि टाकीत दोन-तीन विषं एकत्र कालवलेली. ही विषं तोंडातूनच जातात असं नाही. कातडीतून जातात, श्वासातून जातात.

बातमीत फवारणाऱ्याचं नाव येतं. त्याचे कपडे धुणाऱ्या बाईचं येत नाही. पाणी भरून देणारी, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणारी, रिकामा डबा “चांगला दिसतो” म्हणून घरी आणणारी आपणच असतो. म्हणून हे नियम आपल्याला पाठ पाहिजेत.

डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षर वाचता आलं नाही तरी रंग वाचता येतो. फवारलेल्या वावरात, लेबलवर सांगितलेला काळ जाईपर्यंत निंदायला शिरायचं नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. हातात रबरी मोजे घालून, वेगळ्या बादलीत, साबणाने दोनदा धुवायचे आणि उन्हात वेगळे वाळवायचे. ते पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा ढोरं पाणी पितात तिथे ओतायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने या कामाला हात लावायचा नाही. हे घरात सासूबाईंनी सांगितलं तर जास्त ऐकलं जातं, म्हणून इथे बसलेल्या सासूबाईंना माझी खास विनंती आहे.

रिकामा डबा तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं. मग डब्याला भोकं पाडायची. भोक पडलं की त्यात कोणी पाणी भरत नाही, तेल भरत नाही. चुलीत जाळायचा नाही, धुरातही विष असतं. भंगारवाल्यालाही द्यायचा नाही, तो दुसऱ्या कोणाच्या घरी जातो.

फवारल्यावर कोणाला मळमळ, उलटी, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांसमोर अंधारी, अंगाला थरथर सुटली तर ‘ऊन लागलं’ म्हणून झोपवायचं नाही. आधी वावरातून बाहेर आणा, अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुताना आपल्या हाताला ते लागू देऊ नका. मिठाचं पाणी, दूध, ताक पाजून उलटी करवू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. १०८ ला फोन लावा आणि सोबत ती बाटली किंवा निदान तिचं लेबल न्या. काय गेलं आहे हे डॉक्टरांना कळलं तर उतारा लवकर मिळतो.

आता एवढं ऐकून कोणी म्हणेल, जंतू सगळे वाईट आणि रसायन सगळी वाईट. तसं नाही. टीसीएल हे रसायनच आहे आणि ते जीव वाचवतं. दही लावणारे जंतूच आहेत. तुरीचं, हरभऱ्याचं रोप हळूच उपटून बघा. मुळांवर गाठी दिसतील. गाठ फोडली आणि आतून गुलाबी निघाली तर समजा, आतले रायझोबियम जंतू हवेतला नत्र पिकाला देत आहेत. हा फुकटचा युरिया आहे. पण बियाण्याला आधी रायझोबियम चोळलं आणि त्यावर बुरशीनाशक, तर ते बिचारे तिथेच मरतात. म्हणून बुरशीनाशक आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. मग बी सावलीत सुकवायचं, उन्हात नाही.

तसंच, आपण घरी करतो म्हणून सगळं निर्धोक, असंही नाही. दशपर्णी अर्कात कण्हेर, एरंड, रुई असते. तो अर्क लेकरांच्या हाती लागता कामा नये आणि त्याची भांडी स्वयंपाकात येता कामा नयेत. जीवामृतात शेण-गोमूत्र असतं. कोथिंबीर, पालक तोडायच्या तोंडावर ते पानांवर शिंपडायचं नाही, आणि ढवळल्यावर हात साबणाने धुवायचे.

पशुसखी ताईंसाठीही एक गोष्ट. गाई-म्हशीला स्तनदाहावर जंतू मारणारं इंजेक्शन दिलं की डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला किंवा घरात द्यायचं नाही. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण विरजणाचे जंतूच मरतात. तेच औषध थोडं थोडं आपल्या पोटात जात राहिलं तर जंतू त्याला सरावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. सर्दी-पडशाला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणायचं नाही, ते यासाठीच. सर्दीच्या विषाणूवर ते चालतच नाही. आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं.

आणखी एक, संडास धुताना. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. दार लावून आत असलात तर जीव गुदमरतो.

तर ताईंनो, प्रश्न जंतू का रसायन असा नाही. समोर काय आहे ते ओळखायचं, मग उपाय करायचा. आणि हे ओळखायचं काम रोज आपल्याच हातून होतं. पाणी भरणारे हात आपले, कपडे धुणारे आपले, चुलीसमोर बसणारे आपले. पण ओळखून पुढे काय? “हे वापरायचं नाही, थांबा” असं म्हणायचं बळ आपल्याकडे आहे का?

आता त्या बिहारच्या शाळेकडे येते. वास त्या बाईला कळला होता. तिला ना प्रयोगशाळा लागली ना किट. तिच्याकडे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे चूल बंद करायचा अधिकार. आपल्याकडे गट आहे, ग्रामसंघ आहे, ठराव लिहायचं रजिस्टर आहे. म्हणून आज मी प्रत्येक ग्रामसंघाला चार ठराव मागते.

पहिला : खिचडी किंवा आहार शिजवणाऱ्या ताईला धान्य, तेल, पाणी यांचा रंग किंवा वास वेगळा वाटला तर ती शिजवणं थांबवेल, आणि ग्रामसंघ तिच्या पाठीशी राहील. मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला हे लेखी कळवायचं.

दुसरा : आपल्या गावात पाणी तपासणाऱ्या ५ महिला कोण, किट कुठे आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारायचं. पाच जणी नेमल्या नसतील तर आपली नावं द्यायची.

तिसरा : गटातल्या कोणाच्याही घरात फवारणीच्या डब्यात पाणी, तेल, पीठ, मीठ राहणार नाही. आठवडी बैठकीत हजेरी घेतो तसं हेही विचारायचं.

चौथा : फवारलेल्या वावरात मुदत जायच्या आधी निंदणाला बोलावलं तर एकटीने नकार द्यायचा नाही. सगळ्या जणींनी मिळून द्यायचा. एकटीची मजुरी बुडते, सगळ्यांनी मिळून सांगितलं तर मालक दोन दिवस थांबतो, कारण निंदणाला माणसं त्यालाही लागतात.

पुढच्या महिन्याच्या सभेत प्रत्येक ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी या ठरावांची प्रत आणि ग्रामपंचायतीच्या पोचपावतीचा कागद सोबत आणावा. ज्या गावात पोच मिळाली नाही, तिथे मी स्वतः तुमच्यासोबत येईन.

 आता चहा आहे. चहाचं पाणी मात्र चांगली उकळी आणूनच केलं आहे, त्याची काळजी करू नका.